लाल रंग कुठे जातो : पाण्याखालील अचूक रंगांच्या शोधाची पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही, तरीही पाण्याखालील छायाचित्रणाचा प्रश्न आता इथल्या स्टुडिओंपर्यंत येऊन पोहोचला आहे. दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला जाऊन आलेली कुटुंबे स्कूबा डायव्हिंगच्या चित्रफिती मोबाइलमध्ये घेऊन येतात. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी, जावळी तालुक्यातल्या मुनावळे येथे जलपर्यटन केंद्र उभे राहिले आहे. आणि नदीतले मासे, घाटांच्या बुडालेल्या पायऱ्या, पुलांचे पाण्यातले खांब यांचे चित्रण करू पाहणारे हौशी व व्यावसायिक लोकही इथे आहेत. या सर्वांची तक्रार जवळपास सारखीच असते. पाण्यात असताना डोळ्यांना जे रंग दिसले ते चित्रात उतरत नाहीत, सगळ्यावर हिरवट-निळी झाक येते, आणि संगणकावर लाल रंग वाढवायला गेले की माणसांचे चेहरे गुलाबी होतात, पाणी जांभळे होते, सावल्यांमध्ये रंगीत ठिपके उठतात.

अधिक महागडा कॅमेरा घेतला की हा प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. या विषयाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. प्रकाश वस्तूपर्यंत पोहोचताना आणि वस्तूवरून भिंगापर्यंत येताना किती पाणी पार करतो, आणि ते पाणी कोणत्या प्रकारचे आहे, या दोन गोष्टींवर रंग ठरतो. गेल्या पावणेदोनशे वर्षांत जे उपाय यशस्वी झाले ते या दोन गोष्टींचा हिशेब ठेवल्यामुळे झाले, आणि जे फसले ते हा हिशेब टाळल्यामुळे फसले, असे माझे स्पष्ट मत आहे.

शुद्ध पाणी रंगहीन असते हे शालेय विधान पेल्यापुरते खरे आहे. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधांच्या कंपनांमुळे पाणी अवरक्त प्रकाश जोरात शोषते आणि त्या शोषणाचे क्षीण टोक दृश्य वर्णपटाच्या लाल भागापर्यंत पोहोचते. आकड्यांत पाहिले तर चित्र अधिक नेमके होते. केवळ शोषणाचा विचार केला तर शुद्ध पाण्याचा १० मीटरचा थर पार केल्यावर ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश सुमारे ९१ टक्के उरतो, ५५० नॅनोमीटरचा हिरवा सुमारे ५७ टक्के, ६०० नॅनोमीटरचा नारिंगी ११ टक्क्यांच्या आसपास, आणि ६५० नॅनोमीटरचा लाल जेमतेम ३ टक्के. ही घट सरळ रेषेत होत नाही. प्रत्येक मीटरला उरलेल्याचा ठरावीक हिस्सा कमी होतो, त्यामुळे पहिल्या काही मीटरमध्येच लाल रंगाचे सर्वाधिक नुकसान होऊन गेलेले असते.

माहुलीच्या किंवा हरिपूरच्या संगमावर वाहिल्या जाणाऱ्या हळद-कुंकवाचे उदाहरण घेतले तर याचा दृश्य परिणाम लगेच ध्यानात येईल. हळद निळा प्रकाश शोषते आणि हिरवा, पिवळा, लाल असे बाकीचे परत पाठवते; कुंकू जवळपास फक्त लाल परत पाठवते. हीच दोन द्रव्ये स्वच्छ समुद्रात १५-२० मीटर खोलीवर नेली तर हळद हिरवट-पिवळी का होईना, ओळखू येईल. कुंकू मात्र काळपट दिसेल, कारण त्याने परत पाठवावा असा लाल प्रकाश तिथे जवळजवळ पोहोचतच नाही. खोल पाण्यात जखमी झालेल्या माशाचे रक्त हिरवे दिसते, हे पाणबुड्यांचे जुने निरीक्षण याच कारणाने खरे आहे.

समुद्राच्या निळेपणाचे शास्त्रीय विवेचन करणाऱ्यांत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे स्थान मोठे आहे. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना त्यांनी भूमध्य समुद्राचे पाणी निकोल लोलकातून पाहिले. पृष्ठभागावरून परावर्तित होणारे आकाश त्या लोलकाने दूर केल्यावरही पाण्याचा निळा रंग कायम राहतो, उलट अधिक गडद दिसतो, हे त्यांच्या लक्षात आले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, ही भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांची समजूत त्यामुळे डळमळली. रामन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकाला यासंबंधी लिहिलेले पत्र ‘नारकुंडा’ जहाज मुंबई बंदरात असताना पाठवलेले आहे. त्यांचा भर पाण्याच्या रेणूंकडून होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणावर, म्हणजे प्रकाश सर्व दिशांना विखुरला जाण्यावर होता. लाल प्रकाशाच्या शोषणाचा वाटा किती मोठा आहे हे पुढील मापनांनी दाखवले. छायाचित्रकाराच्या दृष्टीने या दोन्ही क्रिया महत्त्वाच्या आहेत, कारण शोषणामुळे वस्तूचा रंग हरवतो आणि विकिरणामुळे वस्तू व भिंग यांच्यामध्ये पाण्याचा स्वतःचा रंग येऊन मिसळतो. पहिल्याने वजाबाकी होते, दुसऱ्याने बेरीज. हा फरक नीट मांडायला छायाचित्रणाला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि तो नीट मांडला गेला तेव्हाच अचूक रंगांचा मार्ग मोकळा झाला.

पाण्याखालच्या रंगांची पहिली नोंद कॅमेऱ्याने झाली नाही, चित्रकाराने केली. ऑस्ट्रियाच्या ऑयगेन फॉन रान्सोने-विलेझ यांनी १८६० च्या दशकात सिलोनच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरवलेल्या घंटेच्या आकाराच्या पेटीत बसून तिथली दृश्ये रेखाटली. त्याआधी, १८५६ मध्ये, इंग्लंडमधील वेमथच्या उपसागरात विल्यम थॉम्पसन यांनी पेटीत बंद केलेला कॅमेरा दोरीने सुमारे साडेपाच मीटर खोल सोडून एक अस्पष्ट छायाचित्र घेतले होते. १८९३ पासून फ्रान्समधल्या बान्यूल्स-सुर-मेर येथे जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी स्वतः पाण्यात उतरून छायाचित्रे घेतली आणि मॅग्नेशियम जाळून प्रकाश पाडण्याचे उपकरणही वापरले. या काळात रंगाचा प्रश्न कोणाला फारसा जाणवला नाही याचे एक तांत्रिक कारण आहे. थॉम्पसन यांच्या काळातील कलोडियन काचा (फिल्मच्या जागी वापरल्या जाणाऱ्या, प्रकाशसंवेदी थर दिलेल्या काचा) मुळात निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील होत्या. लाल प्रकाश त्यांना जमिनीवरही टिपता येत नव्हता, तेव्हा पाण्यात तो नाहीसा झाला तरी काचेच्या दृष्टीने काही बिघडत नव्हते.

खरी कसोटी रंगीत काचा आल्यावर लागली. ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम काच १९०७ मध्ये बाजारात आली. बटाट्याच्या स्टार्चचे नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवलेले सूक्ष्म कण तिच्यावर पसरलेले असत आणि प्रकाश त्या कणांतून गाळून खालच्या संवेदनशील थरापर्यंत जाई. या गाळण्यामुळे ती काच अतिशय मंद होती. उन्हातल्या दृश्यालाही सेकंदभर किंवा अधिक वेळ उघडी ठेवावी लागे. पोहणारा मासा अशा काचेवर टिपायचा म्हणजे तिची संवेदनशीलता वाढवणे आणि प्रचंड प्रकाश निर्माण करणे, दोन्ही आवश्यक होते. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी प्राणिशास्त्रज्ञ विल्यम लाँगली आणि ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे चार्ल्स मार्टिन यांनी हे दोन्ही केले. त्यांनी काचा रसायनांनी अधिक संवेदनशील केल्या, पाण्यावर तराफा तरंगत ठेवला, त्यावर परावर्तक आणि सुमारे एक पौंड मॅग्नेशियमची पूड ठेवली, आणि पाण्याखालच्या माणसाने कॅमेऱ्याची कळ दाबताच ती पूड पेटेल अशी जोडणी केली. त्यातून हॉगफिश या माशाचे जे चित्र मिळाले ते जानेवारी १९२७ च्या अंकात छापले गेले आणि पाण्याखालील पहिले रंगीत छायाचित्र म्हणून आजही त्याचाच उल्लेख होतो.

मला या प्रयोगाचे महत्त्व पहिलेपणापेक्षा वेगळ्या कारणासाठी वाटते. सूर्यप्रकाशात लाल रंग उरत नसेल तर लाल असलेला प्रकाश आपणच आणावा, हा विचार इथे प्रत्यक्षात आला, आणि पुढची पन्नास-साठ वर्षे पाण्याखालील रंगीत छायाचित्रण याच विचारावर उभे राहिले. त्याची मर्यादाही याच प्रयोगात दिसते. तराफ्यावरचा प्रकाश वरून खाली काही मीटर पाण्यातून येत होता आणि माशावरून परत भिंगापर्यंत पाण्यातूनच जात होता. म्हणजे दिवा कितीही मोठा असला तरी मधल्या पाण्याची वजाबाकी चुकत नव्हती.

१९३४ मध्ये बर्म्युडाजवळ विल्यम बीब आणि ओटिस बार्टन पोलादी गोलात बसून ९२३ मीटर खोल उतरले. बीब दिसणारे प्राणी व रंग यांचे वर्णन टेलिफोनवरून वर पाठवत आणि एल्झ बोस्टेलमन या चित्रकार त्यांच्या वर्णनांवरून चित्रे रंगवत. डोळा आणि कॅमेरा यांच्यातील एक मूलभूत भेद इथे सांगायला हवा. माणसाची दृष्टी सभोवतालच्या प्रकाशाशी जुळवून घेते. निळ्या प्रकाशात काही मिनिटे घालवल्यावर मेंदू पांढऱ्या वस्तूला पुन्हा बऱ्याच अंशी पांढरी समजू लागतो. कॅमेरा असे जुळवून घेत नाही, तो पोहोचलेला प्रकाश मोजतो. म्हणूनच मालवणहून परतलेला माणूस चित्रफीत पाहून निराश होतो. त्याची आठवण आणि कॅमेऱ्याची नोंद, दोन्ही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. यातून ‘अचूक रंग’ म्हणजे काय हा प्रश्नही उभा राहतो. पाणबुड्याला त्या खोलीवर जे दिसले ते अचूक, की तीच वस्तू पाण्याबाहेर काढून दिवसाच्या प्रकाशात ठेवली तर जी दिसेल ती अचूक? जीवशास्त्रज्ञाला बहुधा दुसरे हवे असते, चित्रपटकाराला पुष्कळदा पहिले. या लेखात ‘अचूक’ हा शब्द मुख्यतः दुसऱ्या अर्थाने वापरला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर साधनांची स्थिती झपाट्याने बदलली. जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये तयार केलेल्या श्वसनयंत्रामुळे पाणबुड्याची जहाजावरून येणाऱ्या हवेच्या नळीतून सुटका झाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हॅरल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विकसित केला होता आणि १९५० च्या दशकात ते कुस्तोंच्या ‘कॅलिप्सो’ जहाजावर काम करू लागले. कुस्तो आणि लुई माल यांचा पाण्याखालील रंगीत माहितीपट १९५६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्काराचा मानकरी ठरला. जहाजावरून वीज पुरवलेले दिवे खोलवर नेऊन तिथले लाल-नारिंगी जीव प्रकाशात आणल्यामुळे जगभरच्या प्रेक्षकांना पहिल्यांदाच कळले की निळ्या अंधारात हे रंग होतेच, फक्त त्यांना दाखवणारा प्रकाश नव्हता. बेल्जियन अभियंता जाँ द वूटेर्स यांनी कुस्तोंसाठी रचलेला कॅलिप्सो कॅमेरा निकॉनने घेतला आणि १९६३ मध्ये ‘निकोनॉस’ या नावाने बाजारात आणला. वेगळ्या हाउसिंगशिवाय (जलरोधक पेटीशिवाय) थेट पाण्यात नेता येणारा हा कॅमेरा आणि त्याला जोडलेला फ्लॅश ही जोडी नंतर अनेक दशके पाण्याखालील छायाचित्रकारांच्या हाती राहिली.

फ्लॅशच्या युगात एक नियम तयार झाला, जवळ जा आणि मग आणखी जवळ जा. त्यामागचे गणित वर दिलेल्या शोषणावरूनच निघते. फ्लॅश कॅमेऱ्याजवळ आहे आणि मासा एक मीटरवर आहे असे धरले, तर प्रकाश जाताना एक आणि येताना एक असे दोन मीटर पाणी पार करतो. तेवढ्यात ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश निम्मा संपतो. मासा दोन मीटरवर असेल तर लाल प्रकाश एक चतुर्थांशच उरतो. शिवाय मधल्या पाण्यातले कण फ्लॅशने उजळून चित्रात पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. म्हणून फ्लॅशने घेतलेल्या त्या काळच्या नावाजलेल्या चित्रांत पुढचे प्रवाळ लालभडक आणि मागचे पाणी गर्द निळे अशी जी मांडणी दिसते, ती सौंदर्यदृष्टीइतकीच भौतिकशास्त्रामुळे घडलेली आहे. जहाजाचे अवशेष, प्रवाळाची अख्खी भिंत, माशांचा मोठा थवा यांचे रंग फ्लॅशने मिळवणे शक्यच नव्हते.

अशा दृश्यांसाठी लाल फिल्टर वापरात आले. फिल्टरविषयी एक गैरसमज आजही इतका पसरलेला आहे की तो इथे स्पष्टपणे खोडून काढणे आवश्यक वाटते. लाल फिल्टर चित्रात लाल रंग घालत नाही. तो निळा-हिरवा प्रकाश अडवतो, त्यामुळे उरलेल्या प्रकाशात लालचे प्रमाण वाढते आणि एकूण प्रकाश मात्र कमी होतो. लाल मुळात संपला असेल तिथे फिल्टरमुळे फक्त अंधार वाढतो. शिवाय प्रत्येक फिल्टर एका विशिष्ट खोलीला आणि विशिष्ट पाण्याला जुळतो. १९९० च्या दशकात कोडॅकने पाण्याखालच्या वापरासाठी खास एक्टाक्रोम फिल्मही काढली होती, पण ती फार काळ बाजारात टिकली नाही. रासायनिक फिल्मचा रंगसमतोल कारखान्यात एकदाच ठरतो, आणि पाणबुडा तर प्रत्येक मीटरला नव्या प्रकाशात जात असतो.

कोणते पाणी, या प्रश्नाकडे छायाचित्रकारांच्या आधी समुद्रशास्त्रज्ञांनी लक्ष दिले होते. अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने खाली सोडून ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते हे मोजले. ती पद्धत आजही जगभर वापरात आहे. पुढे स्वीडनचे निल्स येर्लोव यांनी १९४७-४८ च्या ‘अल्बाट्रॉस’ मोहिमेतील मापनांच्या आधारे समुद्राच्या पाण्याचे प्रकाशशास्त्रीय वर्गीकरण मांडले आणि नंतरच्या वर्षांत ते वाढवले. खुल्या समुद्राच्या निळ्या पाण्याचे काही वर्ग आणि किनाऱ्यालगतच्या पाण्याचे काही वर्ग अशी ती रचना आहे. स्वच्छ वर्गाकडून गढूळ वर्गाकडे जाऊ लागले की सर्वाधिक दूर पोहोचणारा प्रकाश निळ्याकडून हिरव्याकडे आणि पुढे पिवळसर हिरव्याकडे सरकतो. येर्लोव यांचे वर्ग आजही पाण्याखालील रंगांच्या संशोधनात आधार म्हणून घेतले जातात.

सातारा-सांगलीच्या वाचकांसाठी या संपूर्ण इतिहासातील सर्वात उपयोगाचा भाग हाच आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पाण्याखालील छायाचित्रणाची बहुतेक पुस्तके, फिल्टर आणि कॅमेऱ्यातील तयार मोड तांबडा समुद्र, कॅरिबियन किंवा मालदीवसारख्या निळ्या पाण्याला समोर ठेवून तयार झालेले आहेत. कोकण किनाऱ्याजवळचे पाणी तसे नाही. त्यात नद्यांनी आणलेला गाळ, सूक्ष्म शैवाल आणि विरघळलेले सेंद्रिय द्रव्य असते. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत खुल्या समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँकेवर पाणी पुष्कळ अधिक स्वच्छ आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यालगत काढलेल्या चित्रांशी तिथल्या चित्रांची तुलना केली तर पाण्याच्या वर्गाचा फरक डोळ्यांनी दिसतो.

गोड्या पाण्याच्या जलाशयांत परिस्थिती आणखी बदलते. कुजणाऱ्या पानांतून पाण्यात उतरणारे पिवळसर सेंद्रिय द्रव्य निळा प्रकाश शोषते. शैवालातील हरितद्रव्य निळा आणि लाल, दोन्ही शोषते. आणि लालचे शोषण पाणी स्वतःच करत असते. दोन्ही टोके अशी कापली गेल्यावर मधला हिरवा तेवढा शिल्लक राहतो. रानांनी वेढलेल्या शिवसागरसारख्या जलाशयात निळ्या समुद्रासाठी बनवलेला लाल फिल्टर लावला तर तो हिरवा पुरेसा अडवत नाही आणि चित्र पिवळट-हिरवे येते. अशा पाण्यासाठी हिरव्याला अडवणारा मॅजेंटा (जांभळट-गुलाबी) छटेचा फिल्टर लागतो. पावसाळ्यात तर नियम जवळजवळ उलटा होतो. महाबळेश्वरच्या पठारावरची जांभ्याची लाल माती आणि खालच्या शेतांतला गाळ घेऊन कृष्णा जेव्हा माहुली, कऱ्हाड, सांगली ओलांडत जाते तेव्हा त्या मातीतील लोहाची ऑक्साइडे निळा आणि हिरवा प्रकाश आधी गिळतात; उरतो तो तांबूस प्रकाश, तोही काही सेंटिमीटरपुरता. तिथे लाल रंग वाढवणे ही दुरुस्ती नसून बिघाड वाढवणे आहे.

डिजिटल कॅमेऱ्यांनी फिल्मची एक मोठी अडचण दूर केली. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून लावलेला रंगसमतोल, प्रत्येक खोलीवर नव्याने ठरवता येऊ लागला, आणि त्यासाठी पांढरी किंवा करडी पाटी पाण्यात नेण्याची पद्धत रूढ झाली. सेन्सरची मूळ नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या रॉ फाइलमुळे हा निर्णय पाण्याबाहेर आल्यावरही घेता येऊ लागला. डिजिटल सेन्सरला जुळणारे खास फिल्टरही २००० च्या दशकात आले. ब्रिटनमधील अ‍ॅलेक्स मस्टर्ड आणि पीटर रोलँड्स यांचे मॅजिक फिल्टर त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहेत. फिल्टर टिकून राहण्यामागे कारण होते. १० मीटरवर लाल प्रकाश निळ्याच्या मानाने सुमारे सत्तावीस पट क्षीण असतो. तो नंतर संगणकावर तितका वाढवायचा म्हणजे लाल चॅनेलला (चित्रातल्या लाल रंगाच्या नोंदीला) जवळपास पाच स्टॉप, म्हणजे जवळपास पाच वेळा दुप्पट, उचलणे, आणि लालबरोबर सेन्सरचा नॉइजही (नको असलेले ठिपकेही) तितकाच उचलला जातो. फिल्टर लावला तर निळा-हिरवा आधीच अडतो, एक्स्पोजर वाढवता येतो आणि लाल चॅनेलला अधिक प्रकाश मिळतो. व्हिडिओत ही अडचण आणखी तीव्र होते, कारण साध्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्याची संकुचित चित्रफीत रॉ फाइलइतकी माहिती जपत नाही. एकदा लाल चॅनेल शून्याजवळ नोंदला गेला की कलर ग्रेडिंगमध्ये त्यातून फक्त रंगीत डाग बाहेर येतात.

व्हाइट बॅलन्सची याहून खोल मर्यादा म्हणजे तो संपूर्ण चित्राला एकच गुणक लावतो. चित्रातला एक मासा अर्ध्या मीटरवर, दगड दोन मीटरवर आणि मागची भिंत सहा मीटरवर असेल तर त्या तिघांनी वेगवेगळ्या जाडीचे पाणी पार केलेले असते. एका गुणकाने मासा बरोबर केला तर भिंत निळी राहते, भिंत बरोबर करायला गेले तर मासा लालभडक होतो. शिवाय दूरच्या वस्तूवर पाण्याच्या विकिरणाने जो प्रकाश मिसळलेला असतो तो गुणाकाराने जात नाही. तो वजाच करावा लागतो.

संगणकशास्त्रज्ञांनी हा प्रश्न हाती घेतला तेव्हा त्यांनी जवळचे गणित वापरले, ते धुक्याचे. पाण्याखालील प्रतिमेचे घटक वेगळे मांडण्याचे काम संशोधक मॅकग्लॅमरी आणि त्यानंतर १९९० मध्ये ज्यूल्स जाफी यांनी केले होते. २००९ मध्ये कायमिंग हे आणि सहकाऱ्यांनी एकाच छायाचित्रातून धुके काढण्याची प्रभावी पद्धत प्रसिद्ध केली आणि ती थोड्याफार फेरफारांनी पाण्यालाही लावली जाऊ लागली. धुके मात्र सर्व रंगांना जवळपास सारखेच झाकते, पाणी तसे करत नाही. म्हणून त्या काळच्या निकालांत कधी पाणी जांभळे, कधी वाळू गुलाबी असे दोष राहत.

या विषयातले सर्वात निर्णायक काम देर्या अक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी इस्रायलमधील हैफा विद्यापीठात केले. २०१८ मध्ये त्यांनी दाखवून दिले की वस्तूवरून येणारा प्रकाश ज्या गतीने क्षीण होतो आणि पाण्याच्या विकिरणाने मिसळणारा प्रकाश ज्या गतीने वाढतो, त्या दोन गती वेगवेगळ्या आहेत. जुन्या सूत्रांत त्या एकच धरल्या होत्या. पहिली गती तर अंतरानुसारही बदलते, कारण लाल संपत गेला की उरलेल्या प्रकाशाचा स्वभावच बदलतो. २०१९ मध्ये त्यांनी या सुधारित सूत्रावर आधारलेली ‘सी-थ्रू’ ही पद्धत मांडली आणि वेगवेगळ्या प्रकारच्या दोन पाण्यांतील अकराशेहून अधिक चित्रांवर ती तपासली. या पद्धतीत एकाच दृश्याची निरनिराळ्या कोनांतून, एकमेकांवर पडतील अशी अनेक चित्रे घेतात. त्यांवरून प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर काढतात. चित्रातल्या सर्वात काळ्या बिंदूंवरून पाण्याने मिसळलेला प्रकाश किती हे ओळखून तो वजा करतात. आणि मग अंतरानुसार प्रत्येक बिंदूला त्याचा हरवलेला प्रकाश परत देतात. रंगपट्टी फक्त तपासणीसाठी लागते, प्रत्येक चित्रात ठेवावी लागत नाही. लाँगलींच्या तराफ्यापासून फ्लॅश, फिल्टर आणि व्हाइट बॅलन्सपर्यंत सगळ्या उपायांना जी गोष्ट अडवत होती, ते मधले पाणी इथे पहिल्यांदा प्रत्येक बिंदूसाठी वेगळे मोजले गेले. २०२३ मध्ये याच धाग्यावर त्रिमितीय दृश्य नव्याने उभारणारी ‘सी-थ्रू नर्फ’ ही पद्धतही आली.

याच वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली, एका स्पर्शात रंग खुलवणारी अ‍ॅप्स हातोहाती पोहोचली. सहलीच्या आठवणीसाठी ती वापरण्यात काहीच गैर नाही. परंतु असे अ‍ॅप बहुधा शिकलेल्या चित्रांवरून रंगाचा अंदाज करते. अंतर मोजून हिशेब करत नाही. जिथे रंग हाच पुरावा असतो तिथे हा अंदाज चालवून घेता येणार नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातून २००२ मध्ये सुरू झालेल्या कोरलवॉच उपक्रमात प्रवाळाचा रंग एका छापील पट्टीशी ताडून त्याचे आरोग्य नोंदवले जाते, कारण विरंजन झालेले प्रवाळ आधी फिकट आणि मग पांढरे पडते. अशा प्रवाळाच्या चित्रात अ‍ॅपने आपणहून तपकिरी छटा भरली तर चित्र सुंदर होईल आणि नोंद खोटी. आपल्या नद्यांतील माशांच्या प्रजाती ओळखताना परांवरचे आणि शेपटीवरचे रंग पाहिले जातात, तिथेही हीच काळजी घ्यावी लागेल.

आज कोयनेत, धोममध्ये किंवा चांदोलीच्या जलाशयात पाण्याखाली काम करणाऱ्यासमोर म्हणूनच दोन मार्ग आहेत आणि ते एकमेकांचे शत्रू नाहीत. हाताच्या अंतरावरचा मासा किंवा शेवाळलेला दगड असेल तर चांगल्या वर्णगुणवत्तेचा एलईडी दिवा किंवा फ्लॅश, शक्य तितके कमी पाणी मध्ये, आणि रॉ फाइल, एवढ्यावर विश्वासार्ह रंग मिळतो. मोठे दृश्य असेल, उदाहरणार्थ कोयना धरणात बुडालेल्या गावांमधले जुने बांधकाम किंवा नदीघाटाच्या पाण्याखालच्या पायऱ्या, तर दिवा तिथवर पोहोचणार नाही. अशा वेळी डोक्यावरचे ऊन पाठीशी ठेवून, एक्स्पोजर आणि फोकस न बदलता, एकमेकांवर निम्म्याहून अधिक पडणारी चित्रे घ्यावीत, सुरुवातीच्या एका चित्रात १९७६ पासून प्रचलित असलेली चोवीस रंगांची पट्टी किंवा निदान करडी पाटी ठेवावी, आणि खोली, तारीख, वेळ व सेक्की तबकडीचे माप वहीत टिपून ठेवावे. ‘सी-थ्रू’सारख्या पद्धतीला अंतर काढण्यासाठी एकमेकांवर पडणारी चित्रेच लागतात. अशी चित्रे मूळ रॉ स्वरूपात जपली असतील तर पुढे येणारी अधिक चांगली सूत्रेही त्यांवर चालवता येतील. रंग खुलवून पाठवलेल्या आणि मूळ पुसून टाकलेल्या चित्रफितीवर ती चालवता येणार नाहीत.